तोच प्रश्न

मास्तर टेबलावर चढून बसले, खुर्चीच्या पाठीवरचा कोट खांद्यावर टाकला आणि समोरच्या सोळा पोरांना दोन्ही हात जोडले.

"विचारा, विचारा. मी तुमचाच माणूस."

वर्ग हसला. वर्तमानपत्रात बत्तीस वर्षं काढून मास्तर पत्रकारितेच्या या वर्गावर शिकवायला आले होते आणि मंत्र्यांची नक्कल ते खुद्द मंत्र्यांपेक्षा बरी करायचे. देशाची निवडणूक महिन्यावर आली होती. पुढच्या आठवड्यात शिक्षणमंत्री प्रचाराच्या दौऱ्यात कॉलेजात येणार होते आणि या पोरांना प्रश्न विचारायला अर्धा तास देणार होते. त्याचीच ही तालीम.

"कागद कारखाना सहा वर्षं बंद आहे," पहिल्या बाकावरून टाचणी म्हणाली. मुलगी किरकोळ अंगाची, पण एकदा रुतली की निघायची नाही, म्हणून वर्गाने तिला हे नाव बहाल केलं होतं. "मागच्या निवडणुकीत तुम्ही तो सहा महिन्यांत सुरू करतो म्हणाला होतात. कधी सुरू होणार?"

"वा, छान प्रश्न! ताई, कामगार म्हणजे आमच्या काळजाचा तुकडा. तुमच्यासारखी तरुण मंडळी हे विचारतात, याचा मला अभिमान वाटतो. हं, पुढचा?"

मागच्या बाकावरचा जिराफ उठला. त्याला उठायला वेळ लागायचा, कारण उंची फार होती.

"साहेब, आपल्या परराष्ट्र धोरणाबद्दल..."

"मेलास!" मास्तर टेबलावरून खाली उतरले. "अरे, तिला तारीख मिळाली का? नाही ना? मग हे परराष्ट्र कुठून उपटलं? माईक तुझ्या हातात आला की प्रश्न तोच. पुन्हा तो ताकास तूर लागू देणार नाही. मग तिसऱ्याने तोच विचारायचा. सोळाच्या सोळा जणांनी तोच. नेता एकट्या पत्रकाराला भीत नाही रे, तो शेजारच्याला भितो."

आठवडाभर तेच चाललं. मास्तर रोज नव्या तऱ्हेने निसटायचे, कधी चिडून, कधी विनोद करून, एकदा तर खोटं खोटं रडूनसुद्धा, आणि पोरं त्यांना पुन्हा त्याच प्रश्नावर आणून उभं करायची. टाचणीने आपला प्रश्न कागदावर लिहून आणला होता. 'माझे वडील आणि इतर चारशे कामगार' अशी त्याची सुरुवात होती. तिचे वडील अजूनही रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत आणि बसस्टँडवर बसून संध्याकाळी परत येत. हे तिने फक्त मास्तरांना सांगितलं होतं. मास्तरांनी लाल पेनाने 'माझे वडील आणि इतर' एवढे शब्द खोडले.

"लागलं?"

"हो."

"लागू दे. प्रश्नात तू दिसलीस की तो तुलाच कुरवाळत बसेल आणि कारखाना राहील बाजूला."

मंत्री यायच्या दिवशी सकाळी प्राचार्यबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"सर, तुमच्या वर्गाची मान्यतेची फाईल दोन वर्षं त्यांच्या खात्यात पडून आहे. तिच्यावर सही झाली नाही, तर या सोळा पोरांच्या प्रमाणपत्राची किंमत रद्दीएवढी. हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"पोरांना गप्प बसवा, असं मी म्हणत नाही. त्यांनी एकदा विचारावं. पण ताणू नका. आपले हात दगडाखाली आहेत."

"मग मी पोरांना सांगू तरी काय?"

"काहीच सांगू नका. सांगितलंत तर तीसुद्धा बातमी होईल."

मास्तर हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सभागृहाकडे जाताना पोरांनी त्यांना गराडा घातला, तेव्हा टाचणीच्या हातातला कागद घामाने ओला झालेला त्यांना दिसला. ते फक्त म्हणाले, "सावकाश बोल. शब्द खाऊ नकोस."

मंत्री नकलेतल्यासारखे मुळीच नव्हते. आवाज हलका, बोलणं घरच्यासारखं. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं, "या वर्गाची फाईल मी स्वतः पाहिली आहे. निकाल लागू द्या, पहिली सही तिच्यावर." सभागृहात टाळ्या झाल्या. पोरांनीही वाजवल्या. फायलीचं त्यांना आत्ताच कळत होतं.

टाचणी उठली. एकही शब्द न खाता तिने प्रश्न विचारला.

मंत्री 'छान प्रश्न' म्हणाले नाहीत. ते व्यासपीठाच्या दोन पायऱ्या उतरून तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तुझ्या घरचं कोणी होतं का तिथे?"

याची तालीम झालेली नव्हती. मास्तर मागच्या रांगेत होते. टाचणीची पाठ ताठ झालेली त्यांना दिसली.

"प्रश्न चारशे कामगारांचा आहे, साहेब. तारीख सांगता का?"

"तोंडाला पानं पुसणारा माणूस मी नव्हे. योग्य वेळी योग्य तो निर्णय होईल, एवढा शब्द देतो. बस, बाळ."

ती खाली बसली आणि त्याच क्षणी पंधरा हात वर झाले. मास्तरांचा ऊर भरून आला. जिराफ तर हात वर करून उभाच राहिला होता. माईक घेऊन फिरणारा मंत्र्यांचा सचिव त्या सगळ्या हातांवरून नजर फिरवत, कोणाकडेही न थांबता, सरळ मागच्या रांगेपर्यंत आला.

"पोरांचं झालं. आता गुरुजनांचा मान. सर, एक प्रश्न तुमचा."

सोळाही माना मागे वळल्या. पोरांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. ती चक्क खूश झाली होती. इतक्या हातांना चुकवून माईक गेला तो नेमका कोणाकडे! जिराफाने टाचणीला कोपराने ढोसलं. पहिल्या रांगेत प्राचार्यबाई स्वतःच्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मास्तर उठले. आयुष्यभर त्यांनी हजारो प्रश्न विचारले होते. विचारण्याआधी हिशेब करण्याची ही पहिलीच वेळ.

"साहेब," ते म्हणाले, "पत्रकारितेत येणाऱ्या या नव्या पिढीला आपण काय संदेश द्याल?"

मंत्र्यांनी अकरा मिनिटं संदेश दिला.

दुपारी वर्गात पोरं मान खाली घालून बातम्या लिहीत होती. त्यांचं चार पानी साप्ताहिक पाच वाजता छपाईला जायचं होतं. जिराफाने मास्तरांची खुर्ची पंख्याखाली सरकवून दिली. त्यापेक्षा पोरांनी तोंडावर बोलायला हवं होतं, असं मास्तरांना वाटलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी हे कळत नव्हतं. सोळा प्रमाणपत्रांसाठी केलं, असं त्यांनी मनाशी दहा वेळा म्हणून पाहिलं. ते खरंही होतं, पण त्याने काही थंडावा मिळेना.

बातम्या तपासून घ्यायला टेबलाशी रांग लागली. पहिला कागद टाचणीचा. बातमी स्वच्छ होती. प्रश्न शब्दशः, उत्तर शब्दशः, पदरचं एकही विशेषण नाही. शेवटाकडे एक ओळ होती. 'तारखेचा खुलासा झाला नाही. त्यानंतर एका उपस्थिताने संदेश विचारला.'

मास्तरांचा लाल पेन तिथे अडला. बिननावाचा माणूस बत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून कधी पुढे गेला नव्हता. समासात 'कोण?' असं लिहायचं आणि कागद परत करायचा, ही हाताची सवयच होती.

"सर, काही राहिलंय का?" टाचणीने विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्यांनी तो घेतला असता. ती त्यांना सांभाळून घेत होती.

समासात एक शब्द लिहायचा होता. त्या शब्दाने कोणाची फाईल अडणार नव्हती, कोणाचं प्रमाणपत्र बुडणार नव्हतं. आता पुढे करायला सोळा पोरंही नव्हती. पेन कागदाला टेकलेला होता आणि टेकल्या जागी लाल ठिपका मोठा होत चालला होता.

"नाही," मास्तर म्हणाले. "ठीक आहे." आणि त्यांनी खाली सही केली.

रांगेत तिच्यामागे जिराफ उभा होता. उंचीमुळे त्याला तिच्या डोक्यावरून सगळं दिसत होतं. त्याने सही पाहिली, तिच्या वरची ओळ वाचली आणि मग आपल्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"एक मिनिट हं, सर," तो हलक्या आवाजात म्हणाला. पेनाचं टोपण काढत तो वळला आणि बाकावर वाकून त्याने कागदावरचे दोन शब्द खोडून वर 'एका उपस्थिताने' असं लिहिलं.

मग रांगेतली बाकीची पोरंही एकेक करून आपापल्या बाकाकडे परतली.