जगदेवीबाईंच्या पेशीतली चूल

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे, पण मला शोधायला कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊ नका. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला तंतुकणिका म्हणतात. उदगीरचे धान्याचे व्यापारी वीरण्णा यांच्या पत्नी जगदेवीबाई. त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या एका पेशीत मी राहते. पेशी दुभंगली की आम्हीही वाटल्या जातो, म्हणून मी वयानं नव्हे, घराण्यानं जुनी.

माझं काम साधं होतं. पेशीत साखर येते, तिची थोडी मोडतोड होते आणि उरलेलं माझ्याकडे येतं. प्राणवायूच्या मदतीनं ते मी पुरतं जाळते आणि त्यातून पेशीला ऊर्जा मिळते. कणभरही वाया जात नसे. या गोष्टीचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू!

काही वर्षांपूर्वी एचपीव्ही नावाचा विषाणू आला. तो पुष्कळ जणींच्या शरीरात येतो आणि बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला हाकलून देतं. आमच्याकडे मात्र त्यानं मुक्कामच ठोकला. बिघडलेल्या पेशीला वाढू न देणारा आमचा पहारेकरी त्यानं संपवला. मग साखरेची दारं सताड उघडली. साखर लोटली खरी, पण माझ्यापर्यंत फारशी पोचेना. ती बाहेरच अर्धवट मोडायची आणि तिचं आंबट आम्ल व्हायचं.

ही उधळपट्टी मला आधी कळेना. मग उमगलं, की बिघडलेल्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही. तिला आणखी पेशी बांधायच्या असतात आणि त्यासाठीचा माल अर्धवट मोडलेल्या साखरेतून मिळतो. मी विझले नव्हते, पण मला कुणी विचारत नव्हतं. त्याचं वाईट वाटलं. त्याहून जास्त काळजी वाटली ती जगदेवीबाईंची. अशीच आणखी काही वर्षं गेली, तर याचा कर्करोग होऊ शकला असता. त्यांना तर काहीच दुखत नव्हतं.

गल्लीत गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचं शिबिर दोन वर्षांत दोनदा झालं. दोन्ही वेळा बाईंनी घरी काम असल्याचं सांगितलं. तिसऱ्या खेपेला दवाखान्यातल्या रुद्राणी सिस्टर घरीच आल्या. त्या रागावल्या नाहीत, शेजारी बसून त्यांनी फक्त कारण विचारलं.

"मागं छातीचा फोटो काढताना गळ्यातलं इष्टलिंग उतरवा म्हणले," बाई म्हणाल्या. "मी तशीच उठून आले. जीव हाय तोवर ते अंगावेगळं करायचं न्हाई आम्हा लिंगायतांत."

"ते गळ्यातच राहू द्या, अव्वा. या तपासणीत गळ्याचं काही कामच न्हाई."

एवढंच होतं, मित्रांनो. एवढ्या गैरसमजापायी दोन वर्षं गेली होती.

आज सकाळी बाई दवाखान्यात आल्या. सिस्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं आंबट पाणी लावलं. निरोगी पेशी गुलाबीच राहिल्या. आमच्या बिघडलेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या पडल्या आणि आम्ही पकडल्या गेलो. डॉक्टरांनी नीट पाहून सांगितलं, की डाग लहान आहे, कर्करोग झालेला नाही, आजच तो जाळून टाकता येईल.

त्या डागात मीही आहे. माझ्यासाठी हळहळू नका. घरी आईला, मावशीला, काकूला विचारा, ही तपासणी केली का म्हणून. त्या "बघू नंतर" म्हणाल्या, तर ओरडू नका. शेजारी बसा आणि कारण विचारा.

आता उपकरण तापलं आहे. बाईंचा एक हात गळ्यातल्या इष्टलिंगावर आहे.

"करू का सुरू, अव्वा?" सिस्टर विचारतात.

"हाव, करा," बाई म्हणतात.

माझंही तेच म्हणणं आहे.