मैलाच्या दगडाला शेंदूर

उतईच्या रस्त्यावर सकाळी साडेसातलाच शंभरेक माणसं गोळा झाली होती. शाली, मफलर, कानटोप्या, तोंडातून निघणाऱ्या वाफा. मधोमध एक छोटी तीनचाकी गाडी, तिच्यात कॅलिपर लावलेला पाय सांभाळत बसलेली रत्नमाला, आणि समोर शेंदूर फासलेल्या दगडापाशी केवलराम महाराज लिंबू ओवाळत होते.

"माता रूठ गे हे! बिना पेट्रोल, बिना बैल के गाडी? माता ला पूछे रहेव का?"

"नहीं पूछा, महाराज, गलती हो गई," असं हात जोडून म्हणणारे गृहस्थ म्हणजे रत्नमालेचे वडील मारोतराव. कोणी अडाणी माणूस समजू नका हं. भिलाईच्या कारखान्यात बॅटरी रूमचे फोरमन! बावीस वर्षं बॅटऱ्या चार्ज करण्यात घालवलेली. ही गाडीसुद्धा त्यांनीच भंगारातली मोटर आणि चार जुन्या बॅटऱ्या जोडून पोरीसाठी बनवली होती. ऑक्टोबरात ती कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरापासून उतईच्या शाळेपर्यंतचे बारा किलोमीटर गुमान जायची. डिसेंबर लागला आणि रोज सकाळी याच दगडापाशी मान टाकू लागली.

महाराज तासभर मंत्र म्हणत, नारळ फोडत, माता हसली म्हणून जाहीर करत. तोवर ऊन वर येई. "चल बेटी!" म्हटलं की गाडी खरोखर निघे, लोक जयजयकार करत आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज आपल्या फोरमनसाहेबांचा. संध्याकाळी परतताना मात्र गाडी एकदाही अडत नसे. त्यावरही महाराजांपाशी उत्तर तयार: "संझा के बेरा माता खुश रहिथे." एक दिवस थंडी जास्त होती, तर गाडी दोनशे पावलं अलीकडेच थांबली. माता स्वागताला पुढे आली, असं सांगून महाराजांनी लिंबू तिथं नेलं. मारोतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, बाप्पा!

रत्नमालेच्या डोळ्यांतही येई, पण वेगळ्या कारणानं. पोलिओनं पाय गेला तरी तिनं बी.एस्सी. केलं, विज्ञान शिकवायची नोकरी मिळवली. नोकरी कच्ची होती. बसची पायरी तिला चढवत नसे, स्कूटरवर मागे बसलं की पाय सुन्न पडे. गाडी होती म्हणून नोकरी होती. आणि आठची शाळा रोज नऊला गाठणाऱ्या बाईंना मोठ्या बाईंनी शनिवारी बजावलं होतं: सोमवारी उशीर झाला तर नाव कापीन.

महाराजांनी तोडगा दिला. एक्केचाळीस दिवस पोरीनं घरी बसावं आणि गाडी मातेच्या चरणी अर्पण करावी.

रविवारी जेवताना मारोतरावांनी विषय काढला. "रत्ना, मले वाटते, तू काही दिवस घरीच राय."

"नोकरी जाईन ना, बाबूजी!"

"मातेच्या पुढं नोकरी काय हाय?"

रत्नमालेनं घास ताटात ठेवला. "माहा पाय गेला तवा लोक म्हणत होते, पोरीले घरी बसवा. तुमी आयकलं नाई कोनाचं. आता एका दगडाले भिऊन बसवून राहिले?"

तेवढ्यात रत्नमालेची आई कलावती दह्याचं भांडं घेऊन आली. "दही काई जमलं नाई आज. काल गोधडीत गुंडाळाचं इसरली मी. थंडीत इरजन काम नाई करत."

रत्नमाला एकदम ताठ बसली. "आई, गाडी रातभर कुठं रायते?"

"आंगनात. दवात."

"बाबूजी, बॅटरीत तरी काय होते? आम्लाची अन् शिशाची क्रियाच ना? गारठ्यात ते मंद पडते, वीज कमी भेटते, धा किलोमीटरातच सरते. म्हणून रोज त्याच दगडापाशी! शाळेत बॅटऱ्या उन्हाच्या खिडकीखाली चार्ज होते, म्हणून संध्याकाळी गाडी अडत नाई. अन् महाराजांच्या पूजेत तिले काय भेटते? तासभर आराम, अन् थोडं ऊन! थकलेली बॅटरी थोडा येळ पडून राह्यली का दोन किलोमीटरापुरती उठते."

"मले बॅटरी शिकवू नको!" मारोतराव उसळले. "बावीस वर्सांत थंडीनं माही एक बॅटरी..."

आणि तिथंच ते अडकले. त्यांची बॅटरी रूम भट्टीच्या भिंतीला लागून होती. जानेवारीतही तिथं ते बनियनवर काम करत. गारठलेली बॅटरी या बॅटरीसम्राटांनी उभ्या जन्मात पाहिलीच नव्हती.

"मी गाढव हाओ," ते हळूच म्हणाले.

"मले लग्नापासून मालूम हाय," कलावती म्हणाली आणि गोधडी आणायला उठली.

चार्जिंग मात्र मारोतरावांनी अंगणातच केलं. बॅटरीचा गॅस घरात कोंडू द्यायचा नसतो, एवढी अक्कल शाबूत होती. मग चारही बॅटऱ्या आत आणून चुलीच्या भिंतीशी मांडल्या आणि वर गोधडी घातली.

सोमवारी गाडी पुढे, मारोतराव स्कूटरवर मागे. दगड दिसू लागला. महाराज त्रिशूळ रोवून रस्त्यातच उभे होते. "रुक जाही! अभी रुक जाही!" गाडी काही रुकेना. शेवटी महाराजच उडी मारून बाजूला झाले. रत्नमालेनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. घड्याळात साडेसात झाले होते.

महाराज मात्र लगेच सावरले. "देखव! चमत्कार! माता मान गे!"

लोक पुन्हा जयजयकार करणार, तोच मारोतरावांनी स्कूटर लावली. गळ्यातला मफलर महाराजांच्या कमंडलूत बुडवला आणि दगड घासायला घेतला. शेंदराखालून अक्षरं आली: उतई २ कि.मी.

"ही तुमची माता," ते निम्म्या हिंदीत, निम्म्या नागपुरीत म्हणाले. "पहिला शेंदूर मीच लावला होता. बॅटरी गारठत होती, बस. रात्री गोधडी घातली अन् गाडी चालली. महाराजांना गाडी पाहिजे होती, मी द्यायलाही निघालो होतो. मी फोरमन असून फसलो, भाऊ! तुम्ही फसू नका. काही अडलं तर हात जोडायच्या आधी झाकण उघडून पाहा."

एक म्हातारा हसला, मग सगळेच हसले. महाराजांनी लिंबं झोळीत भरली.

संध्याकाळी कलावतीनं गोधडी उन्हातून काढली, तर आम्लानं तिला सात भोकं पडलेली. ती नवऱ्याला बोलणार, तेवढ्यात रत्नमाला आली.

"येळेवर पोचली?" मारोतरावांनी विचारलं.

"वीस मिनटं आधी. सातवीले रासायनिक क्रिया शिकवली. उदाहरण तुमचं देलं."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

मारोतरावांनी गोधडीच्या भोकात बोट घातलं आणि मोठ्यानं हसले. "बरं केलं, बाई. उद्याही दे."