कणकेच्या गोळ्यातली करणी

शहाण्णव सालची गोष्ट. कोसाडच्या लूम-कामगारांच्या वसाहतीत त्या रविवारी नळाला पाणी आलं तरी रांग लागली नाही. अख्खी खानदेशी मंडळी सुकलालच्या दारात! कडोदऱ्याचा लोटू भगत सुकलालच्या दीड वर्षाच्या पोराच्या, दीपकच्या, पोटावर कणकेचा गोळा फिरवत होता, आणि त्याची जीभ मागाच्या धोट्यापेक्षा जोरात चालली होती.

दीपक जन्मला तेव्हा त्याला शीची जागाच नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती तयार केली आणि बजावलं, "याचं पोट आपोआप साफ होणार नाही. रोज ठरल्या वेळी एनिमा द्यायचा." आई, रंजना, न चुकता देई. आजीला, उषाबाईंना, मात्र लेकराचं ते रडणं बघवेना. त्यांनी भगत आणला. त्या दीडशहाण्याने आल्या आल्या 'पिचकारी' बंद करवली. आज पाचवा दिवस. पोट फुगून टणक, पोर कण्हतंय, आणि लोक हात जोडून उभे! मी तिथल्या मराठी शाळेचा मास्तर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भगताने गोळा फोडला. आत काळ्या दोऱ्याचा गुंता!

"देखा! गावनी जेठानीनी करनी शे! घरना कापूसना दोरा पोटमा घालेल शे!"

जेठानी म्हणजे रंजनाची मोठी जाऊ; गावी तिची कापसाची शेती. बायकांनी "देवा रे!" केलं. रंजना पुढे झाली. ती सात वर्षं लूमवर बॉबिन भरत होती. धाग्याची जात कळेना की तिथे सगळेच टोक पेटवून बघतात. तिने दोरा दिव्यावर धरला. कापसाची राख झाली असती. हा आक्रसला, वितळला, टोकाला कडक मणी उरला.

"हाऊ पॉलिस्टर शे," ती म्हणाली. "मन्ही जेठानी कापूस पिकाडस. पॉलिस्टर कोठून पिकाडी?"

"देव कोपी!" भगत ओरडला.

मी त्याची थैली उलटी केली. आणखी दोन गोळे पडले. फोडले, तर त्यांतही तसाच गुंता. ते अजून कुणाच्याच पोटाला लागले नव्हते. चोर चपला सोडून पळाला.

आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. एनिमाने पोट दोनदा साफ केल्यावर दीपक शांत झोपला. "उद्या आणला असता तर काही सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. उषाबाई भिंतीला टेकून रडल्या. मग सुनेला म्हणाल्या, "माले बी शिकाड पिचकारी."

लोकहो, त्या दारात पन्नास माणसं होती. दोरा निघाला म्हणून सगळ्यांनी नमस्कार केला. पोराला शी झाली का, हे एकानेही विचारलं नाही. आता तरी विचारा.