सोमवारचं पान

मी एक कॅलेंडर बोलतंय. रोज एक पान फाडायचं असतं ना, तसलं. मला उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत छापलं, एकोणीसशे अडुसष्ट सालासाठी. त्या वर्षी आमच्या सरकारने चंद्राचं गणित नव्याने मांडलं आणि टेट, म्हणजे आमचा नववर्षाचा सण, सोमवारी, एकोणतीस जानेवारीला आला. सगळा देश माझ्याच पानांवर चालतो, असं मला वाटायचं.

आमच्या सैन्यातल्या कॅप्टन थाकच्या पाठपिशवीतून, त्याच्या दोन महिन्यांच्या पायपिटीनंतर, मी शत्रूच्या दक्षिण व्हिएतनाममध्ये, न्हा ट्रांग शहराच्या वरच्या डोंगरात आलं. त्याने मला एका बांबूला टांगलं. रोज सकाळी तो पान फाडायचा आणि त्यात तंबाखू वळायचा. गेलेल्या दिवसाची माणसांना एवढीच किंमत.

बातम्या कानावर यायच्या. सणासाठी युद्धबंदी जाहीर झाली होती. दक्षिणेच्या सरकारचे निम्मे शिपाई रजेवर, त्यांच्या मदतीला आलेल्या अमेरिकनांचं लक्ष उत्तरेकडच्या एका वेढलेल्या तळावर. थाकला हुकूम आला: टेटच्या पहिल्या रात्री शहरावर हल्ला. तारीख लिहिलेली नव्हती.

खालच्या गावातली साउमावशी आम्हाला तांदूळ पोचवायची. तिची लेक लुआ शहरात सासरी, दक्षिणेच्या लष्करी छावणीच्या फाटकासमोर राहायची. तिला आठवा महिना चालू होता. थाक मावशीला म्हणाला, "टेटच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लेकीला शहराबाहेर काढा. कारण विचारू नका."

"पहिला दिवस सासरचा असतो रे, माहेर दुसऱ्या दिवशी. विहीणबाई मला फाडून खाईल! पण आणते."

सोमवारी सकाळी मावशी केळीच्या पानात बांधलेला सणाचा भात घेऊन आली.

"नवं वर्ष सुखाचं जावो, मावशी! लुआ निघाली ना?"

"डोकं फिरलं का तुझं? टेट उद्या! माझं घर झाडायचंय अजून."

दक्षिणेच्या पंचांगात टेट मंगळवारी होता. मला ते तेव्हा कळलं.

थाकने माझ्याकडे पाहिलं. "आमचा आज आहे," तो हळूच म्हणाला.

"एक दिवस थांब, पोरा. एकच."

"बाकीच्या तुकड्या निघाल्यात, मावशी."

मावशीने टोपली तिथेच टाकली आणि ती धावत सुटली. शहर पायी पाच तासांवर. उन्हं कलल्यावर थाकही माणसं घेऊन उतरला.

माझ्यावर छापलंय तेच मी दाखवतं, त्यात माझा दोष नाही. तरी वाईट वाटतं. फार वाटतं.

नंतर इथे कोणी फिरकलं नाही. भात मुंग्यांनी संपवला. माझ्यावर अजून सोमवारच आहे. तुम्ही कधी या वाटेने आलात, तर हवी तेवढी पानं फाडा, तंबाखू वळा. पण आधी एवढं सांगा: लुआ त्या सोमवारी बाहेर पडली, की मंगळवारची वाट बघत बसली?