बिल्ल्यांचा खिळा

फोरमनला या सगळ्यात मिळणार काय होतं, तर संध्याकाळचा चहा घरी, गरम. शिवाय साहेबांच्या तोंडचं एक वाक्य, "तुमच्या पाळीत पट्टा अडत नाही हं!" एवढ्यावर माणूस फुगतो.

खडी वाहणाऱ्या पट्ट्याला नवी अक्कल आली होती. प्रत्येकाच्या मनगटावर बिल्ला. बिल्लेवाला पट्ट्याभोवतीच्या जाळीच्या आत असेपर्यंत पट्टा जागचा हलायचा नाही. पंचाईत एकच. पट्टा कडेला सरकायला लागला की तो चालता ठेवून, बघत बघत रोलर सारखा करायची सगळ्यांची जुनी सवय. आता आत माणूस असला की पट्टा ढिम्म. नव्या रीतीनं दर वेळी बाहेर यायचं, चालवून बघायचं, बंद करून पुन्हा आत जायचं. घरी जायला उशीर ठरलेला.

मग फोरमननं जाळीच्या दाराशेजारी भिंतीत एक खिळा ठोकला. "बिल्ले इथं टांगा आणि व्हा आत. यंत्राला कशाला सांगायचं सगळं?"

"भाऊजी, तुमच्यापुढं कॉम्प्युटर पाणी भरतो!" त्याचा मेहुणा सगळ्यांत मोठ्यानं हसला. बायकोचा हा धाकटा भाऊ. फोरमननंच त्याला कामाला चिकटवलं होतं.

त्याच मेहुण्याची बाही रोलरनं ओढली. पट्टा आपणहून थांबला नाही; त्याच्या लेखी आत कोणी नव्हतंच. बटणापाशी फोरमन उभा होता. त्यानं बंद करेपर्यंत उजवा हात मनगटापासून गेला होता.

साहेब चौकशीला दवाखान्यात आले. "बिल्ला काढायला कोणी सांगितलं?"

मेहुण्यानं खाटेवरून एकदा भाऊजींकडं पाहिलं. "कोणी नाही साहेब. माझाच आळस."

फोरमननं घसा खाकरला. बोलायलाच खाकरला होता. पण साहेबांनी पाण्याचा पेला पुढं केला, आणि तो पाणी प्यायला. बाकीच्यांचेही बिल्ले त्याच खिळ्यावर असायचे, त्यामुळं त्यांच्याही तोंडाला कुलूप. मेहुण्याला कामावरून काढलं. खिळा फोरमननं गुपचूप उपटला.

मेहुणा आता बहिणीकडंच राहतो. सकाळी ती त्याच्या शर्टाची बटणं लावते.

"लहानपणापासून असाच धांदरट," ती म्हणते. मग नवऱ्याकडं वळते. "आणि तुम्ही हो? तिथंच होतात ना? एकदा ओरडायचं तरी, बिल्ला घाल म्हणून!"

"ओरडले होते गं ताई. मीच ऐकलं नाही."

फोरमन चहाच्या कपात बघत राहतो. चहा गरम असतो. संध्याकाळचाही आता वेळेवर मिळतो, पट्ट्यापाशी हल्ली सगळे बिल्ले मनगटावरच ठेवतात तरीही. पट्टा अडला तर साहेब आता काही बोलत नाहीत, उलट त्यांनी त्या कामाला एक माणूस वाढवून दिलाय.

म्हणजे फोरमनचं काहीच गेलं नाही. हात मेहुण्याचा गेला, काम त्याचंच गेलं, आणि भाऊजींच्या वाटची बोलणीही तोच खातो, रोज सकाळी, बटणं लावून घेता घेता.