फोटोत निळी, हातात वांगी

त्या आठवड्यातलं तिसरं पार्सल परत आलं, तेव्हा जगदेवीनं कात्री शोधायचीसुद्धा वाट पाहिली नाही. हातानंच टराटरा फाडलं. आत वांगी रंगाची, लाल काठाची इरकल साडी होती. चार दिवसांपूर्वी तिनं स्वतः घडी घालून पाठवलेली. वर चिठ्ठी : ‘फोटोत निळी होती, हातात वांगी आली. आम्हाला निळीच पाहिजे होती.’

“रंजू, हे बघ,” तिनं चिठ्ठी धाकट्या जावेपुढं धरली.

कळंबच्या बाजारपेठेत त्यांचं साड्यांचं दुकान. जगदेवीचा नवरा शिवानंद गल्ल्यावर बसायचा, धाकटा दीर सोमेश माल आणायचा. दोन वर्षांपूर्वी सोमेशची बायको म्हणून शिवरंजनी या घरात आली आणि तिनं मोबाइलवर साड्यांचे फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपात टाकायला सुरुवात केली. बघता बघता उमरग्यापासून परंड्यापर्यंतच्या बायका त्या ग्रुपात आल्या. शिवरंजनी फोटो काढायची आणि जगदेवी खाली रंग लिहायला सांगायची. आमसुली, शेवाळी, कोयरी, अबोली, गव्हाळी. वीस वर्षं ती दुकानात साड्या उलगडत आणि घड्या घालत होती. दोन हिरव्यांतला फरक तिला लांबूनही दिसायचा. पण मोबाइलला तो दिसत नव्हता.

“अक्का, आता आपल्याला कॅमेराच घ्यावा लागंल,” शिवरंजनी म्हणाली. “मोठा. डीएसएलआर.”

रात्री जेवताना तिनंच विषय काढला. शिवानंदनं आधी नाही म्हटलं, मग तीन पार्सलांचा येण्याजाण्याचा खर्च ऐकला, आणि ताकाचा घोट घेऊन म्हणाला, “पंचवीस हजार. वर एक रुपया न्हाय.”

“घेणारच असाल तर चोवीस मेगापिक्सेलच्या खाली बघूच नका,” सोमेशनं बजावलं. त्याला कॅमेऱ्यातलं तेवढंच माहीत होतं.

श्रावण तोंडावर आला होता, पंचमीची खरेदी सुरू झालेली. दोघा भावांना दुकान सोडता येणं शक्य नव्हतं.

“मग आम्ही दोघी जातो लातूरला,” शिवरंजनी म्हणाली.

“दोघीच?” शिवानंदनं विचारलं.

“मग कोण जाणार? तुम्हाला रंग कळतोय का?” हे जगदेवी बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. सोमेश खाली मान घालून हसला. शिवानंदनं भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, म्हणजे परवानगी मिळाली.

सकाळी निघताना जगदेवीनं ती वांगी साडी पिशवीत घातली.

“ही कशाला, अक्का?”

“ब्लाऊजपीस घ्यायला जाताना साडी नेतो ना आपण? तसंच.”

शिवरंजनीला हसू आवरेना. पण लातूरच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर तिनं जगदेवीचा हात धरला आणि मुरूड येईपर्यंत सोडला नाही. सारखी बोलत होती. तिनं पंधरा दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते. हा कॅमेरा रात्री चांगला, तो लग्नाला चांगला, याची बॅटरी टिकते, त्याचा पडदा बाहेर वळतो. जगदेवीला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण ती कान देऊन ऐकत होती. आजवर घरात फ्रीज आला, गाडी आली, दुकानाला नवा पंखा आला. कशाच्याही निवडीला तिला कुणी नेलं नव्हतं.

लातूरच्या गंजगोलाईपासून जवळच्या रस्त्यावर कॅमेऱ्यांचं एक मोठं दुकान होतं. काचेच्या कपाटांत कॅमेरे दागिन्यांसारखे मांडलेले. टाय लावलेल्या विक्रेत्यानं त्यांना थंड पाणी दिलं आणि एक नवाकोरा कॅमेरा काउंटरवर ठेवला. दोन लेन्सा, बॅग, कार्ड. किंमत बेचाळीस हजार.

“आमचं बजेट पंचवीस आहे,” शिवरंजनी म्हणाली.

“मग हप्ते करू की, ताई. महिन्याला कळणारसुद्धा नाही. चोवीस मेगापिक्सेल आहे हा.”

चोवीस ऐकताच शिवरंजनीचे डोळे चमकले. तिनं जगदेवीकडं बघितलं. जगदेवी पिशवीतून साडी काढत होती. तिनं ती काउंटरवर उलगडली, पदर पुढं घेतला आणि म्हणाली, “हिचा फोटो काढून दाखवा.”

विक्रेता जरा बावरला, पण त्यानं बटण दाबलं. खट्. पडद्यावर साडी उमटली. धागान् धागा दिसत होता, काठाची वीण मोजता आली असती. आणि रंग होता निळा. शाईसारखा निळा.

“ही निळी दिसतेय,” जगदेवी म्हणाली.

“स्क्रीनवर तसं वाटतं, मॅडम.”

“आमचं गिऱ्हाईक पण स्क्रीनवरच बघतंय की.”

त्यानं आणखी दोन कॅमेरे काढले. एक साठ हजारांचा होता. त्यातही साडी निळीच. शिवरंजनीचा चेहरा उतरला. “अक्का, साठ हजाराच्यात जर असं, तर पंचवीसमध्ये काय मिळणार?” तिचा आवाज अगदी लहान झाला होता. “चला, परत जाऊ.”

जगदेवी साडीची घडी घालू लागली. ती निराश झाली नव्हती, उलट तिचं डोकं भराभर चालत होतं. स्वस्तातलाही चुकतो आणि महागातलाही चुकतो, म्हणजे चूक पैशात नाही, दुसऱ्याच कशात तरी आहे. तिनं विक्रेत्यालाच विचारलं, “दादा, तुमचा कॅमेरा बिघडला तर तुम्ही कुणाकडं नेता?”

मुलगा मनाचा चांगला होता. त्यानं दारापर्यंत येऊन समोरचा बोळ दाखवला. “तिथं वरच्या मजल्यावर बाबामियाँ बसतात. त्यांच्याकडं जुने पण असतात विकायला.”

बाबामियाँची खोली एवढीशी, पण तिला रस्त्याच्या अंगाला मोठी खिडकी होती. सत्तरीच्या घरातले, पांढरी दाढी, डोळ्याला भिंग लावून एका लेन्सच्या पोटात बघत बसलेले. त्यांनी भिंग काढलं आणि दोघींना स्टुलं सरकवली.

“बसा, बेटा. फोटो कशाचा काढायचा?”

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. सकाळपासून हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. जगदेवीनं उत्तर द्यायच्या ऐवजी साडीच पुढं केली.

“अरे वा! वांगी इरकल,” बाबामियाँ म्हणाले. “हा रंग लई बदमाश. भल्याभल्यांना निळा दिसतो.” ते उठले, कपाटातून तीन जुने कॅमेरे काढून टेबलावर ठेवले. “रंगाचा खेळ उजेडात हाय. ट्यूबलाइटचा उजेड वेगळा, उन्हाचा वेगळा. कॅमेऱ्याला आधी सांगावं लागतं, इथं पांढरं म्हणजे काय ते. एकदा पांढरं कळलं, की बाकीचे रंग सुधारतात.”

त्यांनी साडी खिडकीशी खुर्चीवर टाकली. थेट ऊन येत नव्हतं, नुसता लख्ख उजेड होता. मग एक कोरा कागद साडीच्या जागी धरला, तिघांतल्या एका कॅमेऱ्यानं त्या कागदाचाच फोटो काढला, दोन-तीन बटणं दाबून हेच पांढरं असं कॅमेऱ्याला ठरवून दिलं आणि कागद बाजूला केला.

“आता तुम्ही काढा.”

“मी?” जगदेवी मागं सरली.

“साडी तुमची. काढा.”

कॅमेरा वाटला होता त्यापेक्षा जड होता. तिनं डोळा लावला. त्या लहानशा चौकटीत फक्त साडी होती, बाकी लातूर कुठंच नव्हतं. तिनं बटण दाबलं. खट्. पडद्यावर साडी आली आणि शिवरंजनी जवळजवळ ओरडलीच, “अक्का! वांगी! वांगी आली!”

जगदेवीनं एकदा साडीकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. “अजून जराशी कमी हाय. लालसरपणा पाहिजे थोडा.”

बाबामियाँनी भिंग लावून बघितलं. “मला तर सारखंच दिसतंय.”

“न्हाय, चाचा. कमी हाय.”

त्यांनी मेन्यूत एक चौकोन काढून दिला, मध्ये एक ठिपका. हा ठिपका इकडं नेला की लालसर, तिकडं नेला की हिरवट. जगदेवीनं ठिपका एक घर सरकवला, फोटो काढला, मान हलवली. आणखी एक घर सरकवला. खट्. या वेळी ती हसली. पडद्यावर नेमका तोच रंग होता, देठाजवळच्या वांग्याचा.

“या अल्ला,” बाबामियाँ म्हणाले. “चाळीस वर्षं मी या धंद्यात हाय. अशी नजर नाही बघितली.”

शिवरंजनीच्या मनात मात्र किंतू आला. “चाचा, मग हे मोबाइलमध्ये पण जमलं असतं की?”

“जमलं तर जमलं. पण फोन दर फोटोला स्वतःच्या मनानं रंग बदलतो. सकाळी एक, दुपारी एक. हा तसा न्हाय. हा सांगितलेलं ऐकतो.”

“मग असाच पाहिजे,” जगदेवी म्हणाली. “घरात ऐकणारं एक तरी पाहिजे.” तिघंही हसले.

आता तीन कॅमेऱ्यांतला कोणता, हा प्रश्न राहिला. सगळ्यात नवा दिसत होता तो चोवीस मेगापिक्सेलचा. शिवरंजनीचा हात आपोआप तिकडं गेला. बाबामियाँनी न सांगताच त्याची लेन्स काढली आणि मागून टॉर्च मारला. काचेत आत कोळ्याचं जाळं पसरावं तशी बुरशी दिसली. “हा घेऊ नका. मी साफ करीन, पण परत येईल.” दुसऱ्याचं बटण अडकत होतं. तिसरा अठरा मेगापिक्सेलचा, कोपरे घासलेले, पण फार वापरलेला नव्हता. एका मास्तरांचा होता, त्यांनी त्यावर जेमतेम चौदा हजार फोटो काढले होते. त्याला एक लहानशी, बुटकी लेन्स होती. मघाचे फोटो जगदेवीनं यावरच काढले होते.

“ही लेन्स पुढं-मागं होत न्हाय,” बाबामियाँ म्हणाले. “तुम्हीच पुढं-मागं व्हायचं. पण कपड्याचा पोत हिच्याएवढा कुणी दाखवणार न्हाय.”

“भाऊजी म्हणालेत चोवीसच्या खाली नको,” जगदेवीनं आठवण करून दिली.

शिवरंजनीनं क्षणभर विचार केला. “मोबाइलवर साडी बघायला अठरा उरून पडतात, अक्का. त्यांना मी सांगते.”

“केवढ्याला?” जगदेवीनं विचारलं.

“बावीस हजार.”

मग जगदेवीच्या अंगात दुकानदार आला. वीस वर्षं ती काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहून गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकत होती, त्यातली एकूण एक युक्ती तिला पाठ होती. आज पहिल्यांदाच ती बाहेरच्या बाजूला होती. तिनं घासलेले कोपरे दाखवले. पट्टा जुना आहे म्हणाली. पिशवी उचलून दारापर्यंत गेली. बाबामियाँही पक्के. त्यांनी चहा मागवला. शेवटी वीस हजारांत कॅमेरा, लेन्स, चार्जर आणि तीन पायांचा स्टँड असं ठरलं, आणि दोघंही आपणच जिंकलो अशा चेहऱ्यानं चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं आणि दोघींनी ओसरीवर काम सुरू केलं. पूर्वेचं ऊन समोरच्या इमारतीनं अडवलेलं, ओसरीवर मऊ उजेड. शिवरंजनी साड्या खांबावर सोडायची, जगदेवी कोरा कागद दाखवून कॅमेऱ्याला पांढरं सांगायची. पदराचे फोटो झकास आले. पण पूर्ण साडी चौकटीत मावेना. जगदेवी एक पाऊल मागं गेली, मग आणखी एक, मग ओसरीची पायरी उतरली आणि डोळा कॅमेऱ्यालाच लावून थेट रस्त्यात आली.

“अगं, गाडी!” शिवानंद गल्ल्यावरून ओरडला. एका दुचाकीवाल्यानं करकचून ब्रेक लावला.

“थांब रे भाऊ, एकच मिनिट!” जगदेवी डोळा न काढता म्हणाली. दुचाकीवाला खरोखरच थांबला. मागून ऑटो आली, तीही थांबली. शिवानंद काय करावं ते न कळून खाली उतरला आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला.

“अहो, तुम्ही उजेडाच्या आड येताय. जरा डावीकडं सरका.”

तो सरकला. “सोमेश, तू पलीकडची बाजू धर,” एवढंच म्हणाला. सोमेश मेगापिक्सेलविषयी काहीतरी बोलणार होता, पण शिवरंजनीनं त्याच्या हातात सहा साड्या दिल्या आणि त्याला दुसऱ्या बाजूला उभं केलं.

मागं सरकता सरकता जगदेवी समोरच्या धान्याच्या आडत दुकानाच्या पायरीला जाऊन टेकली. तिथले आण्णासाहेब, नेहमी हिशेबाच्या वहीत डोकं घातलेले, उठून तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावले. मोरपंखी साडी होती. त्यांनी एकदा समोरच्या खांबाकडं बघितलं, एकदा पडद्याकडं.

“जशीच्या तशी हाय की हो!” ते म्हणाले. “वहिनी, नव्या मुगाचा फोटो निघंल का? पुण्याचा व्यापारी रोज मागतोय. मी पाठवतो त्या फोटोत मूग पिवळा दिसतोय, तो म्हणतो जुना माल.”

दुपारपर्यंत एक्केचाळीस साड्या झाल्या. शिवरंजनीनं फोटो ग्रुपात टाकले आणि तिचा मोबाइल सारखा वाजू लागला. एक बाई मोरपंखीची मागणी नोंदवत होती, दुसरी विचारत होती की अशीच शेवाळी अजून आहे का, आणि उमरग्याच्या एकीनं तर नुसती हृदयंच पाठवली होती. जगदेवीला त्यातलं काही बघायला सवड नव्हती. आण्णासाहेब मुठीत मूग घेऊन ओसरीवर येऊन उभे राहिले होते.

“मुठीत नको, आण्णासाहेब,” ती कॅमेरा गळ्यात अडकवत म्हणाली. “ताटात आणा, चांगलं पसरून. आणि लवकर या. हा उजेड अजून अर्धाच तास हाय.”

आण्णासाहेब ताट आणायला पळाले.