तिनांची रांग

आमचे मास्तर, म्हणजे माझे घरधनी उत्तमसिंग, दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यातले पयले मॅट्रिक पास. एवढी अक्कल एका डोक्यात मावना, म्हणून सन एकसष्टात त्यायनं गणिताचा नियमच काढला. एकतीस घ्या. तीनशे एकतीस घ्या. पुढं एकेक तीन वाढवत जा, शेवटी एक. म्हणे या साऱ्या मूळ संख्या. एक अन् ती स्वतः सोडून कोणानंच भागत नाहीत.

सात तिनांची संख्या तपासाची तर पाच हजार सातशेच्या वरपर्यंत एकेक मूळ संख्या घेऊन भागून पाहा लागे. मास्तर बाजेवर लोळून "पुढची!" म्हणत, अन् भागाकार मी करत होती. त्याच्यासाठीच तर शिकवला होता मले. दोन उन्हाळे गेले, पण सातही खऱ्या निघाल्या. मी म्हटलं, "कागदावर माझंही नाव लिहा."

"बाईच्या नावाचा नियम असते का, लाली?" हसले. मले लय लागलं ते.

नियम नसाबीत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत गेला. आमच्या तांड्यात सात जणांची साक्ष जुळली की आठव्याले कोणी विचारत नाही. नायक पूनमसिंग म्हणाला, "सात भाऊ खरे निघाले, आठवा कायले बेइमान निघन? मंजूर!" धन्य ते पंच! गणित असं हात वर करून पास होते, हे मले तवा समजलं.

मले राहवलं नाही. आठ तीन अन् एक पाटीवर मांडले. भाकर शेकेपर्यंत सतरावर आली, अन् बाकी उरलीच नाही! धावत गेली.

"पंचायनं मंजूर केलेलं तू मोडते काय? चुकली असशील," मास्तर म्हणाले. कागद नागपूरच्या प्रोफेसरले गेला. खाली एकच नाव.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं: आठ तिनांची संख्या सतरानं भागते. नायकानं पुन्हा नसाब बसवली. "मास्तर, हे कसं झालं?"

मास्तर माझ्याकडं न पाहता म्हणाले, "भागाकार सारे लालीनं केलते."

नसाबीच्या वहीत चढलं: चूक, लालीबाई उत्तमसिंग.

दोन उन्हाळे राबून मागितलं होतं मी. लागलं बाप्पा नाव एकदाचं! डोळ्यात पाणी आलं, खोटं कायले बोलू. मंग पदर खोचला, नायकाच्या हातातली वही ओढली, अन् माझ्या नावाखाली सतराचा भागाकार पुरा मांडला.

"आता तपासा," म्हटलं, "मास्तर."